बोट नको बाबा, प्रोब!

निफाडचा पारा घसरल्याची बातमी पेपरच्या पहिल्या पानावर झळकली, की नाशिककराला दोनच गोष्टी सुचतात. एक म्हणजे कपाटाच्या तळाशी गेलेलं स्वेटर आणि दुसरी म्हणजे विस्तव. मग ती शेकोटी असो, चूल असो नाहीतर बार्बेक्यू! शनिवारी संध्याकाळी गंगापूर रोडनं धरणाच्या दिशेनं निघा, दर दोन फार्महाऊसआड एक धुराची रेघ दिसेल. गाडीची काच खाली केली तर मसाल्याचा वासही येईल. ऑफिसचा ग्रुप, पुण्याहून वीकएंडला आलेले आयटीवाले मित्र, एखादी इथलीच वाइन... फुल टू धमाल.

आता या धुरातही दोन जाती आहेत. लालभडक निखाऱ्यांवर सळया ठेवून पंधरा-वीस मिनिटांत कबाब भाजले, तर ते ग्रिलिंग. २००६ साली मुंबईत पहिलं बार्बेक्यू नेशन उघडलं आणि टेबलातच शेगडी बघत मोठी झालेली आमची पिढी यालाच बार्बेक्यू म्हणायला लागली. स्मोकिंगचा फंडा वेगळा. मांस विस्तवाच्या थेट वर ठेवायचंच नाही. मधे आडोसा, वर घट्ट झाकण, आत ११०-१२० अंशांची मंद धग आणि लाकडाचा धूर. बोकडाची पावणेदोन किलोची अख्खी मांडी, म्हणजे रान, अशी पाच-सहा तास ठेवायची. झाकण सारखं उघडायचं नाही, कारण उघडलं की धग पळाली. मग आत काय चाललंय ते कळणार कसं?

आमच्या घरात वर्षानुवर्षं याचं उत्तर एकच होतं. बाबांचं बोट.

बाबा सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होते. सगळी नोकरी व्हर्नियर आणि मायक्रोमीटरच्या संगतीत गेली. एखाद्या पार्टचं माप केसभर चुकलं तर अख्खा लॉट परत पाठवणारा माणूस! पण घरी मटणापाशी आले की मोजमाप एकदम बंद. झाकण उचलायचं, तर्जनीनं मांडीला दाबायचं, क्षणभर डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा, "अजून अर्धा तास." अर्ध्या तासानं मांस हाडापासून अलगद सुटलेलं असायचं. रिटायर झाल्यावर त्यांनी अंबडच्या एका फॅब्रिकेटरकडून २०० लिटरच्या कोऱ्या पिंपाचा स्मोकर करून घेतला. तळाशी विस्तव, मधे जाड पत्रा, वर जाळी. (कोरंच पिंप घ्या हं. ऑइल किंवा केमिकलचं जुनं पिंप कितीही घासलं तरी त्यात जेवण करायचं नाही, हे बाबांचं स्टँडिंग इन्स्ट्रक्शन आहे.)

बाबांना बारा वर्षांपासून डायबेटिस आहे. मुंग्या आधी पायांना यायच्या, मग हळूहळू बोटांपर्यंत पोचल्या. डॉक्टरांनी न्यूरोपॅथी हा शब्द उच्चारला तेव्हा आम्ही तो गोळ्यांच्या यादीत आणखी एक भर, इतपतच मनावर घेतला. गेल्या हिवाळ्यात एका रात्री आई त्यांना ताट वाढत होती. तिला त्यांच्या तर्जनीच्या टोकाला टरारून फुगलेला फोड दिसला.

"अहो, हे कधी झालं?"

"काय?"

"दुखत नाहीये?"

"नाही."

त्या फोडापेक्षा त्या 'नाही'नंच आम्ही जास्त हादरलो. डायबेटिसवाल्याची जखम लवकर भरत नाही हे कोणी वेगळं सांगायला नको. दीड महिना ड्रेसिंग चाललं. आईनं स्मोकरवर ताडपत्री टाकली आणि सुतळीनं करकचून बांधली. बाबांनी वाद घातला नाही. पेपरातल्या शब्दकोड्यावरूनही वाद घालणारा हा माणूस त्या ताडपत्रीबद्दल चकार शब्द बोलला नाही. मला तेच जास्त लागलं.

मी फ्रीलान्सर. डेडलाइन नसेल तेव्हा नको त्या विषयावर रिसर्च करणं हा माझा आवडता टाइमपास. त्यातून हा वायरलेस मीट थर्मामीटर सापडला. म्हणजे काय, तर बॉलपेनपेक्षा बारीक, पाच-सहा मिलिमीटर जाडीची एक स्टीलची दांडी. ती मांसात खुपसायची. टोकाजवळचा सेन्सर मांसाच्या पोटातलं तापमान सांगतो, बाहेर राहिलेल्या शेपटीतला दुसरा सेन्सर स्मोकरमधल्या हवेचं. दोन्ही आकडे ब्लूटूथनं तुमच्या मोबाइलवर येतात. झाकण उघडायची गरज नाही, बोट घालायची तर नाहीच नाही. हे प्रकरण गाजवलं ते 'मीटर' नावाच्या प्रोबनं. २०१५ साली किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे करून तो आला आणि २०२१ मध्ये ट्रेगर या स्मोकर बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीनं ती कंपनीच विकत घेतली. मग बाकीचेही उतरले. कम्बश्चन नावाच्या कंपनीच्या दांडीत तर एका ओळीत आठ सेन्सर आहेत. त्यातला सगळ्यात थंड भाग कुठला, ते ती स्वतःच शोधते.

वायरवाला का नको, हा पहिला प्रश्न. खरं सांगू? पैसे मोजून खर्च करायचे असतील तर वायरवालाच घ्या. स्वस्त असतो, चार्जिंगची भानगड नाही, रेंजची कटकट नाही. त्याचं मरण असतं वायर दांडीला जुळते त्या सांध्यात. धुताना तिथून पाणी आत शिरलं की आकडे वेड्यासारखे उड्या मारायला लागतात. आमच्याकडे मात्र त्याची अडचण वेगळी होती. वायर झाकणाखालून बाहेर काढायची म्हणजे तापलेल्या पत्र्याजवळ हात घालून ती सारखी सरकवायची, आणि आमचा सगळा खटाटोप तर बाबांचे हात तिथून लांब ठेवायचाच होता. म्हणून वायरलेस.

न्यू जर्सीचा माझा चुलतभाऊ सुट्टीला यायचा होता. "तिकडून काय आणू?" असं विचारल्यावर मी सांगितलं, "दादा, ब्लूटूथवालाच आण." इथे जरा थांबा, कारण हे कोणी सांगत नाही. अमेरिकेतले काही लांब पल्ल्याचे थर्मामीटर ब्लूटूथवर नाही, ९१५ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरींवर चालतात. तिकडे ९०२ ते ९२८ हा पट्टा असल्या उपकरणांना खुला आहे. आपल्याकडे विनापरवाना खुला पट्टा ८६५ ते ८६८ चा, आणि ९१५ च्या अलीकडचा भाग चक्क मोबाइल फोनवाल्यांचा. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, ते दोन्हीकडे खुलं. तेव्हा 'रेंज जास्त' म्हणून भुलू नका.

दुसरी गोष्ट लांबीची. तिकडची सगळी गणितं पाच-सहा किलोंच्या ब्रिस्केटची आणि पोर्क शोल्डरची. या दांडीवर एक खूण असते आणि त्या खुणेपर्यंतचा भाग मांसात असायलाच हवा. का? तर बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक्स त्याच भागात बसवलेलं असतं. मांसात पाणी असतं, त्यामुळे ते १०० अंशांच्या वर जात नाही, आणि तेच त्या नाजूक यंत्राचं चिलखत. खूण बाहेर राहिली आणि खाली निखारा असला की प्रोबचा निकाल लागलाच म्हणून समजा. आता आपल्याकडची कोंबडीची तंगडी केवढी! म्हणून आखूड आणि बारीक दांडी शोधा. माझ्या एका शाकाहारी मैत्रिणीनं पनीरच्या ठोकळ्यात सहा मिलिमीटरचा प्रोब खुपसला होता. पनीरचे दोन सरळ तुकडे झाले. तिला ते तसेही करायचेच होते म्हणा.

तिसरं, अॅप. अकाउंट आणि इंटरनेट असल्याशिवाय आकडाच दाखवत नाही असं अॅप मला नको होतं. उद्या कंपनी बुडाली तर हातात काय, एक महागडा खिळा! चार्जरच्या डबीवरच आकडा दिसतो असेही काही येतात. घरात ज्येष्ठ मंडळी असतील तर तेच बरे.

प्रोब आला. मला वाटलं, बाबा तोंड वाकडं करतील. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, चष्मा वर केला आणि विचारलं, "इन्स्ट्रुमेंट चांगलंय. कॅलिब्रेशन?"

दहा मिनिटांत ओट्यावर लॅब उभी. आधी बर्फ. पेलाभर कुटलेला बर्फ, भिजेल एवढंच पाणी, ढवळून दोन-तीन मिनिटं थांबायचं आणि टोक तळाला न टेकवता मधोमध धरायचं. शून्य यायला हवं. आलं ०.४. बाबांनी मान डोलावली. मग पातेल्यात खळखळ उकळतं पाणी. मी १०० ची वाट बघत होते. आकडा ९८ वर जाऊन बसला तो हलेचना. मी म्हटलं, "बाबा, बोगस आहे हा."

"अगं, बोगस नाही. नाशिक आहे हे!"

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच. साधारण दर तीनशे मीटरला पाणी एक अंश आधी उकळतं. म्हणजे दादरला १००, तर आमच्याकडे ९८. प्रोब एकदम करेक्ट! बाबांनी जुनी डायरी काढली, तारीख घातली आणि दोन्ही रीडिंग लिहून खाली सही ठोकली. बऱ्याच महिन्यांनी त्यांना काहीतरी पास करताना पाहिलं. आईनं ताडपत्रीची सुतळी सोडली, पण एका अटीवर : झाकण उघडताना हातात वेल्डरचे चामडी ग्लोव्हज हवेत आणि बोट कुठेही लावायचं नाही.

जानेवारीतला रविवार. भद्रकालीतून आणलेली रान आदल्या रात्री आलं-लसूण, हळद, मिरची आणि दह्यात मुरवलेली. लाकूड आंब्याचं. द्राक्षाचं गाव म्हटल्यावर तुम्ही विचाराल, द्राक्षाच्या काड्या का नाही? फ्रान्समध्ये बोर्डोकडे वेलीच्या काड्यांवरच मांस भाजतात, आणि छाटणी झाली की आपल्याकडे बांधावर त्यांचे ढीग लागतात. पण त्या वेलींवर वर्षभर बोर्डो मिश्रणापासून काय काय फवारलेलं असतं, ते शेतकऱ्याला विचारा. ओळखीच्या, फवारणी नसलेल्या बागेतल्या असतील तरच वापरा. आम्ही आंब्यावरच खूश आहोत.

प्रोब घालायचीही एक रीत आहे. रानेचा सर्वात जाड भाग शोधायचा आणि हाडाला समांतर, पण हाडापासून बोटभर लांब अशी दांडी सरकवायची. हाडाला टेकली तर आकडा मांसाचा राहत नाही. चरबीच्या गाठीत शिरली तरी तेच. हे काम बाबांनी स्वतः केलं, मांस थंड असताना. झाकण बंद झालं आणि मोबाइलवरून प्रोब गायब!

बारावीच्या फिजिक्समधला फॅरडेचा पिंजरा आठवतोय? लोखंडी पिंप म्हणजे तोच. कंपनीनं सांगितलेली रेंज मोकळ्या मैदानातली असते. मधे पत्रा आला, आरसीसीची भिंत आली की ती दहा पावलांवर येते. आमच्या प्रोबच्या चार्जिंगच्या डबीत रिपीटर आहे. ती डबी पिंपाच्या धुराड्याजवळ, पण पिंपाला न लावता, स्टुलावर ठेवली आणि सिग्नल आला. प्रोबची शेपटीही धुराड्याच्या दिशेला वळवली. आणि हो, मोबाइलचं बॅटरी सेव्हर त्या अॅपपुरतं बंद करा. नाहीतर फोन खिशात गेला की अॅप झोपतं आणि तुम्ही मात्र 'अलार्म वाजेल' म्हणून गप्पा मारत बसता.

झाकणावरच्या गोल काट्यावर तर विश्वासच ठेवू नका. तो झाकणाखालची हवा मोजतो, जाळीवरची नाही. आमच्याकडे काटा १४० म्हणत होता तेव्हा प्रोबची शेपटी ११८ दाखवत होती. त्यातही गंमत आहे. सुरुवातीला थंडगार मांसाजवळ असल्यानं शेपटीवरचा आकडाही थोडा कमीच येतो. पहिला अर्धा तास तो मनावर घ्यायचा नाही.

तीन तासांत आतलं तापमान ६७ वर पोचलं आणि थांबलं. वीस मिनिटं, पाऊण तास, तासाच्या वर... ६७, ६८, परत ६७.

"सेन्सर अडकला," बाबा म्हणाले.

मी ओट्यावरच्या माठाकडे बोट दाखवलं. माठातलं पाणी गार का होतं? पाझरलेलं पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं म्हणून. मांसही तसंच पाझरत असतं. धग जेवढी आत येते तेवढी बाष्पाबरोबर बाहेर जाते आणि काटा जागचा हलत नाही. स्मोकिंगवाले याला स्टॉल म्हणतात. नवखे लोक इथेच घाबरून विस्तव वाढवतात आणि मांसाचं लाकूड करतात. उपाय दोनच, थांबायचं किंवा गुंडाळायचं. आम्ही केळीच्या पानात गुंडाळलं. प्रोब तसाच आत. बाबांनी "वाफेवरच शिजवायचं तर कुकर काय वाईट होता?" असा शेरा मारला, पण अर्ध्या तासात आकडा चढायला लागल्यावर खुर्ची मोबाइलजवळ ओढून घेतली.

९० च्या आसपास कशासाठी जायचं, हेही सांगते. कोंबडी ७४ अंशांना खायला सुरक्षित होते. बाबांसारख्या, इन्फेक्शन झेपणार नाही अशा माणसाच्या ताटात ती त्याच्या आत येता कामा नये. मांडीचं सलग मटण त्याच्या बरंच आधी सुरक्षित होतं, पण चिवट असतं. त्यातल्या कोलॅजनचं जिलेटिन व्हायला ७० च्या वर बराच वेळ काढावा लागतो. तो वेळ पूर्ण झाला का, हे तापमान अंदाजानं सांगतं. पक्कं सांगत नाही. रान कोवळ्या बोकडाची असेल तर ८८ ला होते, जुन्या बोकडाची ९५ लाही अडून बसते.

९१ ला अलार्म वाजला. बाबा उठले. ग्लोव्हज घातले, झाकण उचललं, पान सोडलं. आणि तसेच उभे राहिले. आई दारातून बघत होती.

"तुझी विणायची सुई आण," बाबा तिला म्हणाले.

आईनं स्टीलची सुई आणून दिली, धुऊन. त्यांनी ती जाड भागात घातली. थोडी अडली. दुसऱ्या ठिकाणी घातली, तिथे सरळ शिरली. पहिल्या जागी पुन्हा. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मनगटाला कळतंय गं." बोटांची टोकं बधिर झाली तरी सुईला होणारा अडथळा मनगटापर्यंत, कोपरापर्यंत येत होता. त्यांनी माझ्याही हातात सुई दिली, तीन जागी घालायला लावली, आणि "इथे अजून नाही, कळलं?" असं दरवेळी विचारलं. मला दोनदा कळलं, एकदा नाही. "अजून वीस मिनिटं," त्यांनी निकाल दिला. ९४ ला सुई सगळीकडून लोण्यात जावी तशी गेली.

आई काही बोलली नाही. तिनं भाकऱ्या टाकायला घेतल्या.

तेव्हापासून डायरीत चार रकाने असतात. वेळ, आत, बाहेर, सुई. शेवटच्या रकान्यात 'अडते', 'किंचित', 'ओके'. पंधरा दिवसांतून एकदा, मोजून तीन तुकडे, ही डॉक्टरांची मर्यादा बाबा पाळतात. वाढण्यातच त्यांना जास्त मजा येते.

आता राहिली निगा. प्रोब गरम असताना कधीच ओढायचा नाही, चिमट्यानं काढायचा. पाण्यात भिजत टाकायचा की नाही हे त्याच्या पाण्यापासूनच्या संरक्षणावर ठरतं. बॉक्सवर लिहिलेलं नसेल तर फक्त ओल्या फडक्यानं पुसायचा. शेपटीवरचं काळं कीट खरवडायला सुरी लावू नका, पांढऱ्या सिरॅमिकला चरा पडतो. कोमट पाणी, भांड्याचा साबण आणि हिरवी घासणी पुरते. हळदीचा पिवळा डाग मात्र जात नाही. आमच्या प्रोबची शेपटी आता नवरीसारखी कायमची हळद लावून बसलीय. खरं लक्ष द्यायचं ते चार्जिंगच्या टोकावर. धुराचा चिकट थर तिथे बसला की प्रोब डबीत असूनही चार्ज होत नाही, आणि पुढच्या रविवारी तो मेलेला निघतो. कापसाला स्पिरिट लावून दोन्हीकडचे संपर्क पुसा, डबीतलाही. आणि वर्षातून दोनदा बर्फ आणि उकळतं पाणी. आकडे सरकले असतील तर तेवढा फरक मनात धरून चालायचं.

श्रावण लागला की आमच्याकडे स्मोकर बंद, तो थेट गणपती गेल्यावर सुरू. एवढे दिवस ती एवढीशी बॅटरी पूर्ण उतरलेली राहिली तर कायमची झोपते. म्हणून गटारीच्या दुसऱ्या दिवशी बाबा प्रोब पुसून, चार्ज करून, त्यांच्या जुन्या व्हर्नियरच्या मखमली पेटीत ठेवतात. चार्जरच्या डबीतला ट्रिपल-ए सेलही काढून ठेवावा लागतो, नाहीतर तो गळून संपर्क खराब करतो. यंदा बाबांनी तो काढून कागदात गुंडाळला, कागदावर तारीख घातली आणि पेटीत ठेवला. दोन दिवसांनी पाहिलं तर कागद रिकामा. आईनं तो टीव्हीच्या रिमोटला लावला होता.